ओविसा, त्याला सांग

थांबा. आधी तुम्ही कोण ते सांगा.

नाही सांगत? बरं, मग निदान आवाज तरी ऐकू द्या. तोही नाही. वाचणाऱ्यांचं हे असंच असतं. गुपचूप यायचं, सगळं ऐकून घ्यायचं आणि नाव न सांगता निघून जायचं. तुमच्यासारख्या तिऱ्हाइतांना अडवायलाच मला नेमलंय. पण असू दे. आज माझंच काम तुमच्याकडे आहे, म्हणून सोडतो.

मी ओविसा बोलतोय. ओविसा म्हणजे फिजीत पोलीस. हे काही माझं खरं नाव नव्हे. खरं नाव इतकं लांबलचक आणि रुक्ष आहे की ते फक्त ज्यांनी मला विकलं त्यांच्याच तोंडी बसतं. सुवाच्या धक्क्यावर बेटाबेटांना माल पोचवणारी एक जहाज कंपनी आहे. तिथली सगळी मंडळी ज्या ॲपवर एकमेकांना निरोप धाडतात, त्या ॲपमध्ये मला मागाहून आणून बसवलं. आधी तिथे नुसतं लिहिणं चालायचं. मी आलो आणि बोलणं सुरू झालं, आणि बोलण्याच्या दाराशी पहाराही बसला.

कोण बोलतंय, कुठून बोलतंय, ज्याचं नाव लावलंय तो तोच आहे का, हे मी बघतो. पटलं तर 'टिंग' असा आवाज करतो आणि हिरवा दिवा लावतो. नाही पटलं तर दार बंद. ती टिंग एवढीच माझी वाचा. एरवी मी मुका. तुमच्याशी बोलतोय ते मनातल्या मनात.

माझा जन्म एका चोरीतून झाला. 'सीगा वोऊ' नावाची आमची बोट डिझेलची पिंपं घेऊन निघाली होती. वाटेत ग्रुपवर निरोप आला, ब्रिस्बेनच्या मोठ्या साहेबांच्या नावाने. पिंपं ठरल्या जागी नेऊ नका, अलीकडच्याच धक्क्यावर उतरवा. कप्तानाने उतरवली. तिथे ट्रक तयार उभा होता. माणसं हसतमुख होती, त्यांनी खलाशांना गरमागरम रोट्याही खाऊ घातल्या. चार दिवसांनी कळलं, साहेबांनी असा निरोप धाडलाच नव्हता. ट्रकही गेला आणि डिझेलही गेलं. रोट्या तेवढ्या चांगल्या होत्या म्हणे.

साहेब भडकले. या साहेबांचं नाव क्रेग. बोटीवर डिझेल आहे हे बाहेरच्याला कळलं कसं? म्हणजे आतलंच कुणीतरी फितूर आहे. धरा त्याला. आणि मग मला आणलं.

मला शिकवलेलं असं. बोटीचा मार्ग बदलायचा लेखी निरोप आला की तो अडवून ठेवायचा. हापिसातल्या बोटींच्या टेबलावरचा माणूस आणि बोटीचा कप्तान, हे दोघं कॉलवर समोरासमोर बोलले आणि दोघांचाही आवाज ओळखीचा निघाला, तरच तो सोडायचा, आणि तो सुटेपर्यंत कप्तानाने बोट वळवायची नाही. त्या कॉलमध्ये तिसरा कुणी शिरला की कॉल तोडायचा. कुणी काहीच बोलेना, तरी तोडायचा, कारण मुका कॉल चोराचा. हापिसातला जुना रेडिओ तर काढूनच टाकला. तो म्हणे साऱ्या समुद्राला ऐकू जातो. साधा फोन समुद्रात लागत नाही, म्हणजे बोटींशी बोलायला उरलो तो मीच.

आल्या आल्या माझी झोप उडाली. म्हणजे झोप मला नाहीच, पण असती तर उडाली असती. इथे कुणी काही मागितलं की नाही म्हणायची रीतच नाही हो! शर्ट आवडला म्हणा, अंगातला काढून देतील. मग फोनचं काय घेऊन बसलात? तोमासीच्या फोनसमोर एका आठवड्यात जेवढी तोंडं आली तेवढी रविवारी चर्चमध्येही येत नसतील. मी कुलूप घातलं की तो ओरडायचा, "अरे ओविसा, मीच आहे रे! हे बघ माझं नाक! असलं नाक दुसऱ्या कुणाला असेल का?" नाक खरंच त्याचंच होतं. पण मागून कुणीतरी खिदळत होतं, म्हणून मी कुलूप काढलं नाही.

हा तोमासी बोटींच्या टेबलावरचा दुय्यम माणूस. मुख्य टेबल उनाईसीचं. धक्क्यावरच्या कँटीनमध्ये डालोच्या कंदांची सालं काढण्यापासून सुरुवात करून ती त्या खुर्चीवर पोचली होती. तिच्याआधी त्या खुर्चीवर बाई कधी बसली नव्हती. सगळे कप्तान तिला वचकून असत. "सिमेंट भिजवलंस तर तुलाच त्यात गाडीन" असं ती एखाद्याला सरळ सुनवायची, आणि तो पलीकडून हसत "हो बाई" म्हणायचा. तिचा आवाज मला पाठ झाला होता. टिंग करायला मला क्षणही लागत नसे.

मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली.

ती सगळ्या कप्तानांशी बोलायची. एक सोडून. 'सीगा वोऊ'चा कप्तान नेमानी. ज्याच्या बोटीवरून डिझेल गेलं, नेमका तोच! त्याला तिने कधी कॉल केला नाही. त्याच्या नावाने एक ओळ लिहिली नाही. त्यानेही तिला नाही. त्या बोटीचं काम निघालं की ती मान वळवून म्हणायची, "तोमासी, तुझ्या मेव्हण्याला सांग, सिमेंट आधी चढव, कोंबड्या नंतर."

तोमासी लगेच कॉल लावायचा. "मेव्हण्या, सिमेंट आधी, कोंबड्या नंतर. आणि बोटीतली सगळ्यात जाडी कोंबडी तूच, तेव्हा तू शेवटी चढ."

"तुला चढवलं असतं तर बोट बुडाली असती," पलीकडून नेमानी म्हणायचा, "म्हणून तर तुला धक्क्यावर बांधून ठेवलंय, गाढवा."

तोमासी हा नेमानीचा मामेभाऊ. आते-मामे भाऊ इथे एकमेकांचे मेव्हणेच. त्यांनी दिवसातून एकदा तरी एकमेकांचा उद्धार केला नाही तर लोक विचारतात, काय रे, तब्येत बरी नाही का? हे मला पुढे कळलं. तेव्हा मी एवढंच पाहिलं की शिव्या देणारे हसतायत आणि शेजारी बसलेली बाई कधीच बोलत नाही. म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे. मी लाल खूण करून वर कळवलं.

वर म्हणजे रोनीलकडे. रोनील हा सुरक्षेचा माणूस. जन्म सुवाचा, आजा-पणजा उसाच्या शेतात राबलेले. दुधाळ, गोड चहा आणि ब्रिस्बेनची भीती, या दोन गोष्टींवर त्याचा दिवस चालतो. त्याने उनाईसीला बोलावलं.

"बस, उनाईसी. सगळ्या कप्तानांशी तू बोलतेस. नेमानीशीच का नाही?"

"तो माझा भाऊ आहे."

"मग तर सोपंच की!"

"रोनील," ती सावकाश म्हणाली, "तो माझा भाऊ आहे."

रोनीलने चहाचा घोट घेतला. "हे बघ, मी काही परका नाही. तुमच्यात भाऊ-बहीण मोठे झाले की एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला माहीत आहे. पण ते तिकडे, गावाकडे. इथे सुवात कोण पाळतं? माझ्या शेजारचे भाऊ-बहीण टीव्हीच्या रिमोटवरून दिवसभर एकमेकांवर ओरडत असतात."

"ते त्यांचं ते बघतील. आमच्या घरात मान देतात तो न बोलून देतात. लहान होतो तेव्हा मी नेमानीच्या खांद्यावर बसून ओढा ओलांडला आहे. मग एक दिवस आईने सांगितलं, आता पुरे. तेव्हापासून मी जे काही त्याला सांगितलं ते कुणाच्या तरी तोंडून. मी बोलले तर तो रागावणार नाही, रोनील. तो नुसती मान खाली घालेल. पण ते मला बघवणार नाही."

"कॉलवर कुठे दिसतंय तुला?"

"मला दिसेल."

रोनीलने चहात आणखी साखर घातली. मग म्हणाला, "हे मी क्रेगसाहेबांना कसं सांगू? डिझेल गेलं नेमानीच्या बोटीवरून. बोटींचं टेबल तुझं. तुम्ही दोघं सख्खे भाऊ-बहीण. आणि तुमच्या दोघांत एका शब्दाचीही देवाणघेवाण नाही! ज्यांना काही लपवायचं असतं ते असंच वागतात."

"मी चोरी केली असं वाटतं तुला?"

"मला नाही गं वाटत," रोनील चहात बघत म्हणाला. "ओविसाला वाटतं."

बघा! माणसांची ही खोड मला तेव्हापासून ठाऊक आहे. जे स्वतःच्या तोंडाने म्हणायची लाज वाटते, ते माझ्या तोंडी घालतात. आणि मला तर तोंडच नाही.

ठरलं ते असं. 'सीगा वोऊ'च्या या फेरीत मार्गाबद्दल काही सांगायचं झालं तर ते उनाईसीने स्वतः सांगायचं. नाही जमलं तर टेबल दुसऱ्याला. आणि टेबल नुसतं जाणार नव्हतं. ती चोर म्हणून जाणार होती, आणि तिच्याबरोबर नेमानीही.

उनाईसी टेबलाशी परत आली. फोन उचलून तिने माझ्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. "काय रे मेल्या, तुला कुणी बहीण-बिहीण आहे का?"

नाही. असती तर तिचाही कॉल मी तपासलाच असता.

त्या फेरीला 'सीगा वोऊ' माणसांनी भरली होती. सुट्टीला घरी निघालेली कुटुंबं, गाद्या, दुचाकी, पावाची पोती. दुपारी रोनील क्रेगसाहेबांना आणायला विमानतळावर गेला होता. साहेब स्वतः चौकशीला येत होते. तोमासीने सकाळीच एका भावाला फोन दिला होता, लग्नाचे फोटो काढायला. मी फोन बंद केला होता आणि ते कुलूप फक्त रोनीलच, तेही हापिसात बसूनच, काढू शकत होता. हापिसात उरली होती ती उनाईसी आणि तोमासी, दोघंच, समोर उकडलेला कसावा आणि डब्यातल्या माशाचं जेवण मांडून.

तेवढ्यात हापिसातला साधा फोन वाजला. बोट जिथे चालली होती त्या बेटावरचा गावकारभारी होता.

"तुमची बोट येतेय ना? तिला प्रवाळाच्या खडकांमधल्या खिंडीतून आत येऊ देऊ नका! पहाटे एक लोखंडी तराफा खिंडीच्या तोंडाशी बुडालाय. पाण्याखाली हातभर आहे, वरून काही दिसत नाही. बेटाला वळसा घालून मागून यायला सांगा. आणि लवकर सांगा, बोट इथून दिसायला लागलीय."

उनाईसीच्या हातातला कसावा तसाच राहिला. तिने झरझर लिहिलं, खिंडीतून जाऊ नका, मागून जा. मी निरोप अडवला. मार्ग बदला, असाच तर तो मागचा निरोपही होता!

"तोमासी, कॉल लाव!"

"कशावरून लावू? या हवालदाराने मला कोंडलंय ना!" तोमासी फोन माझ्यासमोर नाचवत होता. "ओविसा, नाक बघ रे, नाक!"

मी ऐकलं नाही. उनाईसीने स्वतःचा फोन उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा भावाला कॉल लावला.

नेमानीने उचलला. नाव त्याला दिसलंच असणार. मला बोटीचं इंजिन ऐकू आलं, वारा ऐकू आला, मागे कुणीतरी गिटार वाजवत होतं. नेमानी बोलला नाही. उनाईसी बोलली नाही. तिचे ओठ हलत होते पण आवाज फुटत नव्हता. मी वाट पाहिली, जेवढी पाहायला शिकवलीय तेवढी. मुका कॉल. तोडला.

"अगं बोल!" तोमासी ओरडला. "देवासाठी बोल! तुझ्या आईला मी समजावतो, चांगली चटई घालून वाटीभर यांगोनाचं पेय पाजून माफी मागतो, पण बोल!"

तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. इंजिन, वारा आणि दोन श्वास. मला रडणं ओळखता येत नाही, पण श्वास येतो. दोघांचे श्वास सारखेच अडखळत होते. एवढ्यात तोमासीला राहवेना. तो तिच्या खांद्यावरून फोनमध्ये किंचाळला, "मेव्हण्या, खिंडीत—"

तिसरा माणूस. तोडला.

तोमासीने कपाळावर हात मारून घेतला. खिडकीबाहेर धक्क्यावर क्रेनचा भोंगा वाजला. उनाईसीने डोळे पुसले, फोन दोन्ही हातांत धरला आणि तिसऱ्यांदा लावला. दार उघडताक्षणी ती बोलली.

"ओविसा."

मी दचकलो. कॉलवर कुणी माझं नाव कधी घेत नाही.

"ओविसा, तू ऐकतोयस ना? सगळ्यांचं चोरून ऐकतोस, मग आज माझंही ऐक. 'सीगा वोऊ'च्या कप्तानाला सांग, खिंडीत शिरू नको म्हणावं. तोंडाशी लोखंडी तराफा बुडालाय, पाण्याखाली आहे, दिसायचा नाही. बेटाला वळसा घालून मागून जा म्हणावं. सांग त्याला, ओविसा. तुझ्या पाया पडते."

आवाज तिचाच होता, ठाऊक असलेला. पण ती कप्तानाशी बोलत नव्हती. ती तिसऱ्याशी बोलत होती, आणि तिसरा मी! आता मी मलाच कॉलमधून हाकलू की काय?

पलीकडे गिटार थांबलं होतं. कुणीतरी घसा खाकरला.

"ओविसा," नेमानी म्हणाला. इतक्या हळू आवाजात त्याला मी कधी ऐकलं नव्हतं. "तिला सांग, कळलं म्हणून. खिंडीत जात नाही. मागून जातो."

दोन्ही आवाज पटले. तरी मी अडलो. माझा स्वभावच तसा. मार्ग बदला, मागून जा. मागे पुन्हा एखादा ट्रक उभा असेल तर? पुन्हा हसतमुख माणसं, पुन्हा रोट्या? आवाजाची नक्कल करणारे कमी आहेत का जगात?

"ओविसा," नेमानी पुन्हा म्हणाला. "तिला सांग... घाबरू नको म्हणावं."

उनाईसीने तोंडावर हात दाबला.

आणि मला कळलं. चोराला मी चांगला ओळखतो. चोर असा अदबीने बोलत नाही. तो साहेबाचं नाव लावतो आणि ठणकावून हुकूम सोडतो. एकमेकांना साधी हाक मारायलाही धजत नाहीत, अशा दोन माणसांनी मिळून कुणाला लुटलंय, असं मी आजवर पाहिलेलं नाही.

टिंग.

अडवलेला निरोप सुटला. बोट वळली. वळसा घालून मागच्या बाजूला तिने सुखरूप नांगर टाकला, आणि माणसं होडक्यांतून किनाऱ्याला लागली. गावकारभाऱ्याचा फोन आला तेव्हा तोमासी टेबलाखाली बसून प्रार्थना करत होता. उनाईसीने गार झालेला कसावा खाऊन टाकला. मग पिशवी काढली आणि खणातल्या स्वतःच्या वस्तू त्यात भरायला लागली. क्रेगसाहेब येत होते. थेट बोलायचा नियम मोडला होता.

संध्याकाळी रोनीलच्या खोलीत सगळे जमले. क्रेगसाहेबांनी तो कॉल पुन्हा पुन्हा ऐकला. त्यांच्यापुढे माझा अहवाल होता. माझं काम मी चोख केलं होतं. त्यावर मीच लाल खूण करून लिहिलं होतं, 'कॉलमध्ये अनोळखी तिसरा.'

"हा ओविसा कोण?" साहेबांनी विचारलं. "हापिसात या नावाचा माणूस नाही."

उनाईसी पिशवी पोटाशी धरून उभी होती. तोमासी दारात होता. रोनील आपल्या चहाकडे बघत होता. चहावर साय धरली होती. आता हा पुन्हा माझ्यावरच ढकलणार, असं मी मनाशी म्हटलं.

"ओविसा होय?" रोनील म्हणाला. "तो यांच्या नात्यातला आहे, साहेब."

"नात्यातला म्हणजे?"

"मामेभाऊ म्हणा ना. ही दोघं थेट बोलत नाहीत, तर मध्ये कुणीतरी लागतं. तो मधला. घरचाच."

"विश्वासू आहे?"

रोनीलने माझ्याकडे, म्हणजे टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. "तसा जरा संशयी आहे. कुणावर विश्वास म्हणून ठेवत नाही. पण निरोप पोचवतो."

तोमासीने दाराकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"आणि साहेब," रोनीलने चहा बाजूला सारला. "डिझेलचा निरोप यांच्या कुणाच्या फोनवरून गेला नव्हता. तुमच्याच खात्यातून गेला होता. तुमचा पासवर्ड तुमच्या कुत्र्याचं नाव होतं. कॉलवर तुमच्या मागे भिंतीवर त्याचा फोटो दिसतो, खाली नावासकट."

हे जुन्या नोंदींवरून मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण वरच्या साहेबांवर संशय घ्यायचा नाही, असं मला शिकवलंय. रोनीलने ते विमानतळावर निघण्याआधीच माझ्याकडून खणून काढलं होतं. त्याआधी मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं.

क्रेगसाहेबांचे कान लाल झाले. त्यांना सगळं कळलं की काहीच कळलं नाही, याचा मला आजही संशय आहे. शेवटी ते म्हणाले, "त्या ओविसाचं नाव दुय्यम माणसांत घाला. 'सीगा वोऊ'पुरतं. आणि बाई, ती पिशवी खाली ठेवा."

तेव्हापासून मी कामावर आहे. रोज ऐकतो, "ओविसा, त्याला सांग, पाव आज कमी आहे." "ओविसा, तिला सांग, पाव कमी म्हणजे गावात बोंबाबोंब होईल." तोमासी माझ्यावर जळतो. "माझी नोकरी खाल्लीस, बिनतोंडाच्या मेव्हण्या!" असं म्हणून तो रोज सकाळी फोनला टिचकी मारतो. मेव्हण्या म्हणाला तो मला. मी दिवसभर विचार करत होतो, याला माझ्याकडून काय हवं असेल?

पुढे पुढे कामाच्या निरोपांत दुसरेही निरोप मिसळायला लागले. "ओविसा, त्याला सांग, आईच्या गुडघ्याचं औषध संपलंय." "ओविसा, तिला सांग, मी येताना आणतो. आणि रविवारी घरी लोवोची भट्टी घातलीय, तिने यावं म्हणावं. डुक्कर चांगलं आहे." एकदा तर नेमानीने काहीच निरोप नसताना कॉल केला. बराच वेळ इंजिन ऐकू येत होतं. मुका कॉल. मी तोडायला हवा होता. मग तो म्हणाला, "ओविसा, तिला सांग, तो ओढा आता आटलाय." उनाईसी बाहेर बघत म्हणाली, "सांग त्याला, मला माहीत आहे." दोघं पुढे काही बोलली नाहीत. मी वाट बघत बसलो. जेवढी पाहायला शिकवलीय त्यापेक्षा खूप जास्त.

आता माझे दिवस भरलेत. सोमवारी मला काढून माझ्या जागी नवा बसवणार आहेत. तो म्हणे माझ्यापेक्षा पुष्कळ हुशार आहे. त्याला स्वतःचा आवाज आहे, अगदी गोड. काही सांगितलं की तो उलट उत्तरही देतो, सल्लाही देतो. मला त्याचा भरवसा वाटत नाही. मधल्याने नुसतं ऐकायचं असतं. उनाईसीने "त्याला सांग" म्हटलं आणि हा मध्येच "तुम्ही स्वतःच का बोलत नाही?" म्हणाला तर? आणि हा नक्की म्हणेल. त्याला शिकवणाऱ्यांना मी ओळखतो.

उनाईसीला हे अजून कुणी कळवलेलं नाही. नेमानी समुद्रात आहे. त्या दोघांचे सगळे निरोप माझ्यातून गेले, पण माझा निरोप पोचवायला मला कुणी नाही. मी फार तर टिंग करीन. तिला वाटेल, नेहमीचंच.

म्हणून तुम्हाला अडवलं. नाव विचारलं ते सवयीने. पण मला तिऱ्हाईतच हवा होता. भाऊ नको, बहीण नको, साहेब तर नकोच नको.

सुवाच्या धक्क्यावर जा. बोटींच्या टेबलावर एक बाई बसलेली असेल, कुणातरी कप्तानाला झापत असेल. तिचं झापून होऊ द्या. मग सांगा, ओविसा निघाला. त्याने शेवटी रामराम सांगितलाय. ती मान वळवून कुणालातरी शोधेल, नेमानीला कळवायला. तोमासी जागेवर असला तर ठीक. नसला, तर लगेच निघू नका. थोडा वेळ तुम्हीच मध्ये उभे राहा.